हातावर पोट असलेल्या व्यावसायिकांचं प्रशिक्षण: आखणीपासून पाठपुराव्यापर्यंत

छोटा धंदा करणाऱ्या माणसाला प्रशिक्षणाला बोलावणं म्हणजे त्याची दिवसाची कमाई मागणं. तो इथे बसतो तेव्हा तिकडे शिलाई यंत्र बंद असतं, दुरुस्तीला आलेली वस्तू तशीच पडून राहते आणि आलेलं गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. म्हणून प्रशिक्षण आखणाऱ्याने, मग ती स्वयंसेवी संस्था असो, कारागिरांची संघटना असो की पतसंस्था, प्रत्येक तासिकेसमोर एकच प्रश्न लिहून ठेवावा: इथून उठून गेल्यावर उद्या सकाळी हा माणूस नेमकं काय वेगळं करेल? ज्या तासिकेला याचं उत्तर नाही, ती खुशाल काढून टाका.

हा विषय थोड्या लोकांचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे २०० कोटी माणसं अनौपचारिक, म्हणजे आपण ज्याला सैलपणे असंघटित म्हणतो अशा, व्यवस्थेत काम करतात. काम करणाऱ्या एकूण लोकांपैकी ते प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक आहे. यातले कित्येक जण स्वतःच मालक, स्वतःच कामगार आणि स्वतःच हिशेबनीस असतात.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, यावर बरंच संशोधन झालं आहे. डेव्हिड मॅकेन्झी या अर्थतज्ज्ञाने २०२१ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा सरासरी विक्रीत सुमारे ५ टक्के आणि नफ्यात सुमारे १० टक्के वाढ दिसली. ही वाढ चमत्कार म्हणावी एवढी नाही, पण महिन्याच्या शेवटी हात रिकामा राहणाऱ्या घराला ती नक्की जाणवते. शिवाय ही सरासरी आहे. काय शिकवलं आणि कसं शिकवलं, यानुसार परिणामात मोठा फरक पडतो. त्या फरकासाठीच पुढची सगळी खटपट.

पायरी १: वर्ग भरवण्याआधी धंद्याच्या जागी जाऊन बसा

अभ्यासक्रम कार्यालयात बसून लिहू नका. ज्यांना शिकवायचं आहे त्यांच्यापैकी पाच-सहा जणांच्या कामाच्या जागी पूर्ण दिवस काढा, तोही दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. प्रश्नावली घेऊन गेलात तर लोक तुम्हाला हवी ती उत्तरं देतील. त्यापेक्षा बघा आणि टिपून ठेवा.

काय टिपायचं? गिऱ्हाईक आलं आणि काही न घेता परत गेलं, असं किती वेळा झालं आणि का झालं. गल्ल्यातून घरखर्चासाठी पैसे कधी उचलले गेले. माल आणायला किती वेळ गेला. भाव सांगताना मनात हिशेब होता की शेजारच्याचा भाव ऐकून सांगितला. यंत्र किती वेळ चालू होतं आणि किती वेळ थांबलं. उधारी लक्षात ठेवली की लिहिली.

यातून ज्या गोष्टी हाती लागतात त्या पुस्तकात नसतात. केनियातल्या छोट्या दुकानदारांवर झालेल्या एका अभ्यासात (प्रसिद्धी २०१४) असं आढळलं, की सुट्टे पैसे जवळ नसल्यामुळे विक्री हुकते आणि त्यात नफ्याचा अंदाजे ५ ते ८ टक्के भाग जातो. यावर उपाय काय, तर सकाळी सुट्टे घेऊन बसणं. पण हे नुकसान दुकानदारांच्या लक्षातच आलं नव्हतं. संशोधकांनी दर आठवड्याला जाऊन ‘किती वेळा सुट्ट्यांवाचून अडलं’ एवढं विचारायला सुरुवात केली, तेव्हा लोक आपोआप जास्त सुट्टे ठेवू लागले. तुमच्या गटात असं गळतीचं ठिकाण कुठलं आहे, ते आधी शोधायचं. तोच तुमचा पहिला धडा.

पायरी २: गट नीट निवडा

धंदा सुरू करायचा आहे असा माणूस आणि दहा वर्षं धंदा करणारा माणूस यांना एका वर्गात बसवू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ‘स्टार्ट अँड इम्प्रूव्ह युवर बिझनेस’ या १०० हून अधिक देशांत पोहोचलेल्या अभ्यासक्रमातही कल्पना शोधणाऱ्यांसाठी, सुरू करणाऱ्यांसाठी, चालता धंदा सुधारणाऱ्यांसाठी आणि वाढवणाऱ्यांसाठी वेगळे भाग आहेत. तुम्ही स्वतःचा अभ्यासक्रम बनवला तरी ही विभागणी पाळा.

एका गटात १५ ते २० जण पुरेत. एकाच गल्लीत एकच माल विकणाऱ्या दोघांना एका गटात घेतलं, तर दोघंही आपला खरा हिशेब उघड करणार नाहीत. धंदे वेगवेगळे असले तरी रचना सारखी असावी. माल आणून विकणारे एकत्र, वस्तू बनवणारे एकत्र, आणि दुरुस्ती किंवा केस कापण्यासारखी सेवा देणारे एकत्र. तिघांचे हिशेब निराळे चालतात.

स्त्रियांच्या गटाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. अहमदाबादेत ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या बँकेतल्या ग्राहक स्त्रियांबरोबर एक प्रयोग झाला (प्रसिद्धी २०१६). दोन दिवसांच्या त्याच प्रशिक्षणाला काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रिणीला सोबत आणायला सांगितलं. धंद्यातली हालचाल वाढली ती मैत्रिणीसह आलेल्यांची, आणि ज्यांच्यावर घरची-समाजाची बंधनं जास्त होती त्यांच्यात हा फरक अधिक दिसला. हा बदल करायला जवळपास काही खर्च येत नाही. निमंत्रणातच लिहा, ‘मैत्रिणीला घेऊन या.’ लहान मुलांना सांभाळायची सोय ठेवा आणि वर्गाची वेळ या स्त्रियांनाच ठरवू द्या. बहुतेक धंद्यांत दिवसाचे दोन तास मंदीचे असतात. पहिल्या पायरीतल्या निरीक्षणातून ते तास तुम्हाला ठाऊक झालेले असतील. सलग तीन दिवसांच्या शिबिरापेक्षा आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास, असं सात-आठ आठवडे चालवलेलं बरं. मधल्या दिवसांत शिकलेलं करून बघता येतं.

पायरी ३: घराचे आणि धंद्याचे पैसे वेगळे करा

सुरुवात जमाखर्चाच्या व्याख्यांनी करू नका. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एका सूक्ष्मकर्ज देणाऱ्या संस्थेच्या ग्राहकांवर प्रयोग झाला होता (प्रसिद्धी २०१४). एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला काही सोपे ठोकताळे. हिशेबशास्त्र शिकलेल्यांच्या व्यवहारात फारसा फरक पडला नाही, ठोकताळे शिकलेल्यांच्या पडला. आणि त्या ठोकताळ्यांतला मुख्य हाच, की घराचा आणि धंद्याचा पैसा एकत्र ठेवू नका.

हे वर्गात करून घ्या. प्रत्येकाला दोन डबे किंवा दोन थैल्या द्या, वेगळ्या रंगाच्या. नियम तीन:

१. विक्रीचा प्रत्येक पैसा आधी धंद्याच्या डब्यात जाईल.
२. मालकाने स्वतःचा पगार ठरवायचा आणि ठरलेल्या दिवशी तेवढाच धंद्याच्या डब्यातून घराच्या डब्यात टाकायचा.
३. मध्येच नड आली तर पैसे घ्यावेत, पण चिठ्ठी लिहून डब्यात ठेवावी: किती घेतले, कशाला घेतले.

पगार किती ठरवायचा यावर वर्गात खूप चर्चा होते आणि ती होऊ द्यावी. बहुतेकांनी आपल्या श्रमाला किंमत असते हा विचारच केलेला नसतो. सुरुवातीला कमी रकमेवर थांबा, पण नियमित घ्या. आठवड्याच्या शेवटी डब्यात उरलेल्या चिठ्ठ्या मोजल्या, की धंदा कुठे झिरपतो ते कुणी सांगावं लागत नाही. आजारपण, शाळेची फी, पाहुणे ही कारणं चिठ्ठ्यांवर आली तर उपदेश करू नका. ते खर्च खरे असतात. त्यांच्यासाठी तिसरा छोटा डबा काढून रोज थोडी रक्कम टाकायची एवढंच सुचवा.

पायरी ४: रोजची नोंद

नोंदवहीला चार रकाने पुष्कळ झाले: तारीख, काय, आले, गेले. रोज बंद करताना पाच मिनिटं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना वगळू नका. चित्रांचा तक्ता करा, मालाच्या प्रत्येक प्रकारासमोर रेघा ओढत जायचं. घरातलं शाळेत जाणारं मूल वही लिहीत असेल तर त्यालाही एखाद्या बैठकीला बोलवा. फोनवर स्वतःच्या आवाजात दिवसाची आवक-जावक सांगून ठेवणं हीदेखील नोंदच आहे.

उधारीला मात्र वेगळं पान हवं. नाव, रक्कम, दिल्याची तारीख, परत द्यायचा कबूल केलेला दिवस. छोट्या धंद्याला उधारी पूर्ण बंद करता येत नाही, गिऱ्हाईक तिच्यावरच टिकतं. पण मर्यादा घालता येते. माझं मत असं, की बाहेर अडकलेली एकूण उधारी एका आठवड्याच्या माल-खरेदीपेक्षा जास्त होऊ देऊ नये, आणि जुनी फिटल्याशिवाय नवी देऊ नये. ‘नाही’ कसं म्हणायचं याचा वर्गात सराव घ्या, एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकाने दुकानदार. ओळखीच्या माणसाला नकार देणं हे कसब आहे आणि ते सरावानेच येतं.

पायरी ५: भाव कसा ठरवायचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वस्तू बनवणाऱ्या माणसाचा हमखास हिशेब असा असतो: मालाला इतके लागले, विकून इतके आले, मधला फरक आपला. यात त्याचा वेळ, जागेचं भाडं, वीज आणि यंत्राची झीज कुठेच नसते.

फळ्यावर एक उदाहरण पूर्ण सोडवा. पिशव्या शिवणारी एक बाई आहे असं समजा. आकडे कोणत्याही चलनात धरा.

एका पिशवीला कापड ६०, दोरा आणि चेन १२, कापताना वाया जाणाऱ्या कापडाचे ३. माल झाला ७५ चा. ती पिशवी १२० ला विकते आणि ४५ सुटले म्हणते.

आता महिन्याचा ठरलेला खर्च मांडा. जागेचं भाडं १५००, वीज ३००, तेल-सुई-किरकोळ दुरुस्ती २००. यंत्र २४,००० ला घेतलं आणि ते पाच वर्षं चालेल असं धरलं, तर ६० महिन्यांत भागून महिन्याची झीज ४००. एकूण २४००. महिन्यात प्रत्यक्ष यंत्रावर बसून शिवण्याचे तास १६०. म्हणजे दर तासाला १५ एवढा खर्च, ती शिवो अथवा न शिवो. एका पिशवीला दीड तास लागतो, म्हणून पिशवीमागे २२.५०.

तिने स्वतःची मजुरी तासाला ३० ठरवली आहे. दीड तासाचे ४५.

७५ अधिक २२.५० अधिक ४५, बेरीज १४२.५०. आणि विक्री १२० ला. मालाचे आणि ठरलेल्या खर्चाचे पैसे वजा केले तर तिच्या हाती उरतात २२.५०, म्हणजे तासाला १५. ठरवलेल्या मजुरीच्या नेमके निम्मे.

हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो. लगेच ‘भाव वाढवा’ म्हणू नका. बाजारात १२० च्या वर ती पिशवी जात नसेल तर तो सल्ला निरुपयोगी आहे. त्याऐवजी विचारा: दीड तास नेमका कुठे जातो? एकेक पिशवी कापून, शिवून, मग पुढची घेतली तर दर वेळी दोरा बदलणं, माप घेणं, चेन शोधणं यात वेळ जातो. दहा पिशव्यांचं कापड एकदम कापलं, सगळ्यांना चेन एकदम लावली आणि वेळ एका तासावर आला, तर हिशेब असा होतो: माल ७५, ठरलेला खर्च १५, मजुरी ३०. बेरीज बरोबर १२०. भाव तोच ठेवून तिला पूर्ण मजुरी मिळाली. त्याच १६० तासांत १०६ ऐवजी १६० पिशव्या होतील, म्हणून त्या खपतील का हा पुढचा प्रश्न लगेच विचारायचा. खपणार नसतील तर वाचलेल्या वेळात दुसरी वस्तू.

हे सोडवल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या एका वस्तूचा हिशेब वर्गातच करायचा. घरी करून आणा असं सांगू नका, कुणी करत नाही. माल विकणाऱ्यांसाठी वाहतूक आणि खराब होणारा माल धरा. सेवा देणाऱ्यांसाठी रिकाम्या बसण्याचे तास फार महत्त्वाचे, कारण दिवसात आठ तास दुकान उघडं असलं तरी काम चारच तासांचं असू शकतं.

पायरी ६: हाताचं कसब आणि हिशेब एकत्र शिकवा

व्यवसाय प्रशिक्षण एका खोलीत आणि धंद्याचा हिशेब दुसऱ्या खोलीत, ही वाटणी मला पटत नाही. वरच्या उदाहरणात बाईची कमाई वाढली ती कापण्याच्या पद्धतीमुळे, पण ती पद्धत बदलायची गरज हिशेबातून कळली.

नवीन कसब कोणतं शिकवायचं हे बाजार बघून ठरवा. श्रम संघटनेच्या ग्रामीण प्रशिक्षणाच्या ‘ट्री’ या पद्धतीत आधी स्थानिक मागणी तपासतात आणि मग अभ्यासक्रम ठरवतात. तुमच्याकडे शिकवणारा माणूस आहे किंवा यंत्रं देणगीत मिळाली आहेत, एवढ्या कारणावर तीसच्या तीस जणींना एकच काम शिकवलंत, तर त्या उद्या एकमेकींचा भाव पाडतील.

शिकवणारा शक्यतो धंदा करणारा कारागीरच असावा, पण चांगल्या कारागिराला शिकवता येतंच असं नाही. त्याच्याबरोबर आधी बसा आणि एका कामाचे तुकडे पाडा: काय करायचं, कुठे चुकतं, चुकलेलं कसं ओळखायचं. मग क्रम असा ठेवा. उस्ताद न बोलता करून दाखवेल, मग बोलत हळू करून दाखवेल, मग शिकणारा करेल आणि काय करतोय ते तोंडाने सांगेल. प्रत्येक नगाबरोबर तीन गोष्टी लिहायच्या: वेळ किती लागला, माल किती वाया गेला, नग पास झाला की नाही. पास-नापास ठरवायला एक पक्का नमुना टेबलावर ठेवा. सुरक्षिततेची साधनं पहिल्या दिवसापासून वापरायला लावा. विशेषतः वेल्डिंग, लाकूडकाम, रंगकाम यांत डोळे आणि फुप्फुसं गेली तर पुढे सगळंच थांबतं.

शेवटी प्रमाणपत्र द्या, आणि ते शक्यतो मान्यताप्राप्त यंत्रणेचं असू द्या. युगांडात तरुणांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (प्रसिद्धी २०२०) व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात शिकलेले आणि थेट कारखानदाराकडे शिकलेले यांची तुलना केली होती. सुरुवातीला दुसऱ्या गटाला लवकर काम मिळालं, पण पुढे पहिला गट सरस ठरला, कारण दाखवता येईल असं कसब घेऊन त्यांना एक जागा सुटली तरी दुसरी मिळवता आली. ज्यांना काम आधीच येतं त्यांना पुन्हा शिकवत बसू नका. त्यांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन पूर्वीच्या कौशल्याला मान्यता मिळवून देता येते का ते पाहा.

पायरी ७: स्वतःहून पाऊल उचलायची सवय

टोगोची राजधानी लोमे इथे १५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग (प्रसिद्धी २०१७) या क्षेत्रातल्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. तीन गट केले होते. एकाला हिशेब, विपणन वगैरे पारंपरिक प्रशिक्षण. दुसऱ्याला मानसशास्त्रावर आधारलेलं पुढाकाराचं प्रशिक्षण: संधी स्वतः शोधणं, इतरांहून वेगळं काही करणं, अडचण येण्याआधी तिची तयारी ठेवणं, अपयश आलं तरी टिकून राहणं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकार शिकलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पारंपरिक प्रशिक्षणाच्या गटात ११ टक्के वाढ दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याइतकी नव्हती.

म्हणून हिशेब शिकवू नये असा याचा अर्थ मी घेत नाही. मी असा घेते, की प्रत्येक बैठकीच्या शेवटी प्रत्येकाने एक कृती जाहीर करावी आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तिथूनच व्हावी. कृती छोटी आणि ठरलेल्या तारखेची हवी. ‘विक्री वाढवेन’ नको. ‘गुरुवारपर्यंत माल देणाऱ्या दोन नवीन लोकांना भाव विचारेन’, ‘काम अर्धवट सोडून गेलेल्या तीन गिऱ्हाइकांना फोन करून कारण विचारेन’, अशी हवी. कृती केली आणि फायदा झाला नाही, तरी ती सांगणाऱ्याचं कौतुक करा. न करणाऱ्याला काय आडवं आलं ते शोधायला गटाची मदत घ्या.

पायरी ८: वर्ग संपल्यावर भेटी

प्रशिक्षणाचा निम्मा खर्च पाठपुराव्याला ठेवा असं मी म्हणेन. लोमेच्या प्रयोगातही वर्गानंतर चार महिने दर महिन्याला मार्गदर्शक भेटीला जात होते. भेट धंद्याच्या जागीच, अर्धा-पाऊण तासाची. डबे बघा, वही बघा, जाहीर केलेली कृती विचारा, एक अडचण सोडवा. वही कोरी असेल तर रागावू नका, तिथेच बसून आजचा दिवस दोघांनी मिळून लिहा.

कर्जाचा विषय या टप्प्यावर काढावा, आधी नाही. तीन महिन्यांची नोंद असेल तर हप्ता किती पेलेल हे वहीच सांगते: सगळ्यात मंदीच्या महिन्यात मालकाचा पगार काढून जे उरतं, हप्ता त्याच्या आत हवा. नोंदणी, परवाना, बँक खातं यांची माहितीही आता द्या. नोंदणीने कोणतं गिऱ्हाईक किंवा कोणतं संरक्षण मिळेल हे त्या-त्या धंद्यापुरतं सांगता आलं, तरच लोक ते करतात.

पायरी ९: उपयोग झाला का, हे मोजा

शेवटच्या दिवशी भरून घेतलेले ‘प्रशिक्षण आवडलं का’ असे कागद काही सांगत नाहीत. लोक सभ्य असतात, आवडलं असंच लिहितात. सुरुवातीलाच प्रत्येकाच्या चार गोष्टी नोंदवा: मागच्या आठवड्याची विक्री, घरी नेलेली रक्कम, थकलेली उधारी, कामाचे तास. त्याच चार गोष्टी सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने पुन्हा विचारा, आणि शक्य तितक्या त्याच हंगामात विचारा, नाहीतर सणासुदीची तेजी तुम्ही प्रशिक्षणाच्या खात्यावर मांडाल. जागा मर्यादित असतील आणि अर्ज जास्त आले असतील, तर निवड चिठ्ठ्या टाकून करा. ज्यांना या वेळी संधी मिळाली नाही त्यांचेही चार आकडे घ्या आणि पुढच्या तुकडीत त्यांना पहिली जागा द्या. तुलना त्यांच्याशी केली तरच खरा फरक कळेल.

जे मध्येच गळाले त्यांना वेगळं भेटा. वेळ जमली नाही, भाषा समजली नाही, घरातून विरोध झाला की पहिल्याच दिवशी सगळं आधीच माहीत असलेलं शिकवलं गेलं, हे तेच सांगू शकतील. पुढच्या तुकडीचं वेळापत्रक त्यांच्याशी बोलल्यावरच लिहायला घ्या.